दार यीस्टचे, पाणी उजनीचे

सूक्ष्मजीवांच्या पेशीपटलातील प्रथिनांवर जगभर सुरू असलेले संशोधन सोलापूरच्या डिस्टिलऱ्यांपर्यंत पोहोचायला हवे. मात्र त्यातून मिळणाऱ्या लाभाचा हिशेब लिटरमागच्या रुपयांत नव्हे, तर वाचलेल्या पाण्यात मांडला पाहिजे.

गळीत हंगाम सुरू झाला की सोलापूर जिल्ह्यात दोन गोष्टी एकदमच जाणवू लागतात. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग आणि वाऱ्यावर मळीचा आंबूस वास. पंढरपूर, माळशिरस, माढा, मोहोळ, कुठेही जा, हा वास सोबत असतो. त्याला नाके मुरडणारे पुष्कळ. पण तो ज्याच्या कामाचा वास आहे, त्या कामगाराची आठवण कोणी काढत नाही. हा कामगार म्हणजे यीस्ट. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असलेली ही बुरशीच्या कुळातली एकपेशीय जात मळीतली साखर खाते आणि इथेनॉल बाहेर टाकते. कारखान्याच्या वार्षिक सभेत उसाचा दर, साखरेचा उतारा, कर्जाचे हप्ते या सगळ्यांवर घमासान चर्चा होते. यीस्टवर कधी झाल्याचे ऐकिवात नाही.

ती व्हायला हवी, असे म्हणण्याची वेळ आता आली आहे. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने जून २०२२ मध्ये गाठला, २० टक्क्यांचा २०२५ मध्ये. मूळ धोरणात २० टक्क्यांसाठी २०३० सालची मुदत होती. ती अलीकडे ओढली गेली. त्या भरवशावर कारखान्यांनी डिस्टिलऱ्या उभारल्या, असलेल्या वाढवल्या, कर्जे काढली. आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऊस कमी पडणार असे दिसताच केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंदी घातली. आठवडाभरात ती सैल झाली, पुढच्या हंगामासाठी उठलीही. पण धडा मिळायचा तो मिळाला. इथेनॉलचे गणित शेवटी उसावर आणि ऊस पाण्यावर उभा आहे. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात उजनी उणे पातळीत खोल गेली होती आणि सोलापूर शहर नेहमीप्रमाणे नळाच्या वाराची वाट पाहत होते.

म्हणून प्रश्न असा: आहे त्याच उसातून, आहे त्याच मळीतून अधिक इथेनॉल निघेल का? या प्रश्नाचे उत्तर शोधणारे शास्त्रज्ञ गेली काही वर्षे यीस्टच्या पोटाऐवजी त्याच्या दारात डोकावत आहेत.

प्रत्येक सजीव पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे एक अतिशय पातळ पटल असते. तेलात पाणी मिसळत नाही, तसेच या पटलातून साखर, क्षार, आम्ल सहजासहजी आत-बाहेर जात नाहीत. त्यासाठी पटलात जागोजागी प्रथिने रोवलेली असतात. कोणी साखर आत घेते, कोणी क्षार, कोणी विषारी पदार्थ बाहेर ढकलते. सजीवांच्या जनुकांपैकी पाव हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भाग अशा पटलात बसणाऱ्या प्रथिनांसाठीच खर्च होतो. पेशीच्या आतली यंत्रणा कितीही उत्तम असली, तरी कच्चा माल दारातच अडला किंवा तयार माल बाहेर पडला नाही, तर काम थांबते. गव्हाणीत उसाची मोळी अडकली की अख्खा कारखाना थांबतो, तसेच.

ही प्रथिने आपल्याला वाटतात तितकी परकी नाहीत. ॲसिडिटीसाठी सर्रास घेतली जाणारी पँटोप्राझोलची गोळी जठराच्या पेशीपटलातला आम्लाचा पंप बंद करते. मधुमेहात दिली जाणारी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे मूत्रपिंडातल्या साखरवाहक प्रथिनाला अटकाव करतात. त्यामुळे जादा साखर रक्तात परत न शिरता लघवीवाटे निघून जाते. औषधशास्त्राने माणसाच्या पेशीची दारे बंद करायला शिकून लाखो रुग्णांचे भले केले. जैवतंत्रज्ञान आता यीस्टची दारे उघडायला, बदलायला आणि नवी बसवायला शिकत आहे.

सोलापूरच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण ब्राझीलचे. तो देशही उसाचा आणि इथेनॉलचा. उसातली साखर म्हणजे सुक्रोज. यीस्ट ती सहसा अखंड गिळत नाही. पेशीबाहेरच तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करते आणि ते तुकडे फुकटात, म्हणजे ऊर्जा न खर्चता, आत घेते. एका सुक्रोजमागे तिच्या हाती ऊर्जेची चार नाणी पडतात. ब्राझील आणि हॉलंडमधल्या डेल्फ्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये या व्यवस्थेत फेरफार केला. साखर तोडणारे विकर त्यांनी पेशीच्या आत हलवले. आता यीस्टला सुक्रोज अखंड आत घेणे भाग पडले. त्यासाठीच्या वाहक प्रथिनातून साखरेसोबत आम्लाचा एक कण आत येतो आणि तो बाहेर फेकायला एक नाणे मोजावे लागते. चारांची तीन झाली. कमाई घटल्यावर स्वतःची वाढ करण्यासाठी यीस्टला अधिक साखर आंबवावी लागते; शरीर वाढवण्यात कमी साखर जाते आणि इथेनॉलमध्ये जास्त. नंतर हे यीस्ट बराच काळ अपुऱ्या साखरेवर वाढवले, तेव्हा त्याने सुक्रोज आत ओढणाऱ्या वाहकाच्या जनुकाची प्रतच वाढवून घेतली. प्रयोगशाळेत इथेनॉलचा उतारा ११ टक्के वाढला.

या आकड्याने कोणी हुरळून जाऊ नये. यीस्ट संथपणे वाढत असते अशा प्रयोगशाळेतल्या भांड्यातली ही वाढ आहे. डिस्टिलरीच्या टाकीत, जिथे यीस्टची वाढ मुळातच मर्यादित असते, तिथे लाभ कमी राहणार. तरी हिशेब करून पाहू. वर्षाला १ कोटी लिटर इथेनॉल काढणाऱ्या डिस्टिलरीत केवळ २ टक्के वाढ झाली, तर ती २ लाख लिटर होते. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉलविषयक आराखड्यानुसार उसापासूनच्या १ लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. म्हणजे त्या २ लाख लिटरमागे ५७ कोटी लिटर पाणी. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर हे सरकारी मानक धरले, तर साडेअकरा हजार लोकांची वर्षभराची गरज भागवणारे हे पाणी आहे. एका डिस्टिलरीतल्या दोन टक्क्यांचे हे मोल. ज्या जिल्ह्यात पाऊस जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर पडतो आणि राज्यात सर्वाधिक साखर कारखानेही आहेत, तिथे दोन टक्के ही लहान गोष्ट नव्हे.

दुसरा प्रश्न सहनशक्तीचा. इथेनॉल हे यीस्टचे उत्पादन, तसेच त्याचे विषही. टाकीतले प्रमाण वाढत गेले की पटल सैल पडते, क्षार झिरपू लागतात, आम्ल आत शिरते आणि यीस्ट काम सोडते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की, पोटॅशियम आत घेणारा आणि आम्ल बाहेर फेकणारा असे पटलातले दोन पंप बळकट केले, तर यीस्ट इथेनॉलला जास्त तोंड देते. त्याच वर्षी स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातल्या चमूने यीस्ट सुमारे चाळीस अंशांवर पिढ्यान्पिढ्या वाढवले. तगून राहिलेल्या यीस्टच्या पटलातला स्निग्ध घटकच बदललेला निघाला. दोन्ही प्रयोगांचा निष्कर्ष एकच: यीस्ट कोलमडते ते आधी पटलात. मार्चनंतर पारा चाळिशीकडे धावणाऱ्या सोलापुरात टाक्या थंड ठेवण्यासाठी पाणी आणि वीज दोन्ही खर्चावी लागतात. इथल्या डिस्टिलरीला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

मात्र परदेशी प्रयोग उचलून इथे जसाच्या तसा लावता येत नाही. एमआयटीच्या प्रयोगात बाहेरून पोटॅशियम पुरवल्याचा फायदा दिसला. आपल्या मळीत पोटॅशियम मुळातच भरपूर असते. इतके की डिस्टिलरीच्या सांडपाण्यापासून पोटॅश खत बनवले जाते. मळीवर जगणाऱ्या यीस्टची अडचण क्षारांच्या तुटवड्यापेक्षा त्यांच्या गर्दीची आहे. म्हणजे इथे कोणता पंप बळकट करायचा, याचे उत्तर बोस्टनमध्ये सापडणार नाही. ते इथल्या मळीत, इथल्या उन्हात शोधावे लागेल.

तिसरी दिशा चिपाडाची. चिपाडात साखर नसते असे आपण समजतो, पण त्याच्या धाग्यांत ती बांधलेली असते. धागे फोडले की ग्लुकोजसोबत झायलोज नावाची दुसरी साखर मोठ्या प्रमाणात सुटते. नेहमीच्या यीस्टला झायलोज पचत नाही. पचवणारी जनुके बाहेरून घातली, तरी दारात अडचण येते. साखर आत घेणारी अठरा-वीस वाहक प्रथिने यीस्टकडे आहेत, पण ती ग्लुकोजला पुढे घेतात आणि झायलोजला रांगेत उभे करतात. फ्रँकफर्टच्या गटे विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अशा वाहकातल्या शेकडो अमिनो आम्लांपैकी नेमके एक बदलले आणि त्या दारातून ग्लुकोजच्या गर्दीतही झायलोज आत जाऊ लागले.

चौथी दिशा बाहेर जाणाऱ्या दाराची. विमानासाठी किंवा डिझेलसाठी उपयोगी पडणारी आयसोब्युटेनॉलसारखी इंधने इथेनॉलपेक्षा कितीतरी अधिक विषारी. ती बनवणारा सूक्ष्मजीव आपल्याच मालाने मरतो. कॅलिफोर्नियातल्या जॉइंट बायोएनर्जी इन्स्टिट्यूटने २०११ मध्ये निरनिराळ्या जिवाणूंतले ४३ पंप तपासले आणि काही पंप ई. कोलाय जिवाणूत बसवल्यावर तो इंधनसदृश रसायने अधिक सोसतो, एका रसायनाचे तर उत्पादनही वाढते, असे दाखवले. त्याच संशोधनाने एक मर्यादाही उघड केली. पंप गरजेपेक्षा जास्त झाले की जिवाणू आजारी पडतो, कारण पटलात जागा मोजकीच असते. भिंतीत किती दारे पाडायची, यालाही हद्द आहे.

हे सगळे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येणार नाही, कारण महाराष्ट्र या क्षेत्रात कोराही नाही आणि मागेही नाही. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट साखर आणि अल्कोहोल उद्योगासाठी काम करते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये पानिपतला सुरू झालेल्या, भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणाऱ्या प्रकल्पाचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला जे प्रवासी विमान गेले, त्याच्या टाकीत देशी कच्च्या मालापासून बनवलेले जैवइंधन मिसळलेले होते. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये जैवउत्पादनाला चालना देणारे 'बायोई३' धोरण मंजूर केले. पुण्यात संस्था आहेत, दिल्लीत धोरण आहे. सोलापुरात काय आहे?

सोलापुरात टाक्या आहेत आणि हेच आपले भांडवल. इथे पुन्हा ब्राझीलकडे पाहावे. तिथल्या डिस्टिलऱ्या हंगामाच्या सुरुवातीला विकतचे यीस्ट टाकत. काही आठवड्यांनी तपासले, तर टाकीत ते उरलेलेच नसे. उसाबरोबर आलेल्या जंगली यीस्टने त्याला हुसकावून लावलेले असे. ब्राझीलच्या संशोधकांनी या घुसखोरांना शत्रू न मानता त्यांच्यातले सर्वांत चिवट निवडले. 'पीई-२' आणि 'कॅट-१' हे तिथे आज सर्वाधिक वापरात असलेल्या वाणांपैकी दोन वाण असेच डिस्टिलरीच्या टाकीतून आले. 'पीई' हे नावच एका कारखान्याच्या नावावरून पडले आहे.

ही रीत सोलापूरला नवी नाही. मालदांडी ३५-१ ही ज्वारी कुठल्या परदेशी प्रयोगशाळेत जन्मली नाही. १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक वाणातून निवड करून ती काढली आणि तिने पुढे अनेक दशके रब्बीच्या कोरडवाहू शेतकऱ्याला सांभाळले. इथल्या मातीत, इथल्या दुष्काळात जे टिकते त्यातूनच उत्तम निवडायचे, हे शहाणपण ज्या जिल्ह्याने ज्वारीच्या बाबतीत दाखवले, त्याने ते यीस्टच्या बाबतीत का दाखवू नये? पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी मुले-मुली आहेत. हंगामाच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी प्रत्येक डिस्टिलरीच्या टाकीतून नमुने घेणे, त्यातले यीस्ट वेगळे करणे, उष्णता, क्षार आणि इथेनॉलला कोण किती टिकते हे तपासणे, ही कामे अब्जावधींची नाहीत. निवडीला जनुकीय फेरबदलाची परवानगीही लागत नाही. या कामातून सोलापूरची मालदांडी ठरेल असे यीस्ट हाती आले, तर पुढचे, म्हणजे त्याच्या पटलातली वाहक प्रथिने आणि पंप बदलण्याचे काम पुण्याच्या संस्थांनी करावे. कारखान्यांनी त्यासाठी एकत्र येऊन निधी उभारावा. एकमेकांच्या सभासदांचा ऊस पळवण्यात जेवढी चढाओढ होते, तेवढा उत्साह यात दाखवला तरी पुरे.

यात तीन पथ्ये पाळावी लागतील. पहिले पथ्य कच्च्या मालाचे. चिपाडापासून, शेतातल्या अवशेषांपासून इंधन, हे ऐकायला छान वाटते. पण 'टाकाऊ' म्हणून ज्याचा उल्लेख होतो त्याला गावात बहुधा कोणीतरी धनी असतो. चिपाडावर कारखान्याचे बॉयलर आणि वीजप्रकल्प चालतात. पाचट शेतात कुजवले तर जमिनीचा ओलावा आणि कस टिकतो. ज्वारीचा कडबा हा तर जनावराच्या तोंडचा घास. तो टाकीत गेला की दुधाचे आणि कडब्याचे गणित बिघडणार. फ्रँकफर्टचे यीस्ट कितीही हुशार असो, आधी खरोखर उरते किती, हे तालुकावार मोजले पाहिजे. तोवर मळी आणि रस यांतला उतारा वाढवणे हेच सोलापूरचे पहिले काम.

दुसरे पथ्य सुरक्षिततेचे. जनुकीय फेरबदल म्हटले की भीती वाटते. ती झटकून टाकण्यासारखी नाही, पण तिला प्रमाणही हवे. मधुमेही रुग्णाचे इन्सुलिन १९८२ पासून असे फेरबदल केलेले सूक्ष्मजीव बनवत आहेत. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये आणलेली काविळीची, म्हणजे हेपॅटायटिस-बीची देशी लस यीस्टमध्येच तयार झाली होती. फरक एवढाच की औषध कारखान्यातली टाकी बंदिस्त असते, डिस्टिलरीची तशी नसते. ऊर्ध्वपातनाच्या उष्णतेत यीस्ट मरते हे खरे. पण टाकीच्या तळाशी साचणारा यीस्टचा गाळ त्या उष्णतेतून जात नाही आणि तो प्रेसमडबरोबर खतात मिसळून शेतात जाऊ शकतो. बदललेले यीस्ट वापरायचे असेल, तर हा गाळ तापवून निर्जीव केल्याशिवाय आवाराबाहेर जाता कामा नये. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ साली झालेल्या नियमांत अशा सूक्ष्मजीवांसाठी केंद्रापासून खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीतल्या जिल्हास्तरीय समितीपर्यंतची व्यवस्था आहे. ती समिती सोलापुरात आधी जागी झाली पाहिजे, यीस्ट नंतर आले पाहिजे. उलटा क्रम नको. डिस्टिलरीच्या सांडपाण्याने विहिरी नासल्याच्या तक्रारी ज्या गावांनी वर्षानुवर्षे केल्या, त्या गावांना 'काळजी करू नका' एवढे सांगून भागणार नाही.

तिसरे पथ्य सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचे आहे. ठिबक आले तेव्हा वाटले होते की पाणी वाचेल. पुष्कळ ठिकाणी तेवढ्याच पाण्यात उसाचे क्षेत्र वाढले आणि पाणी होते तिथेच राहिले. सुधारलेल्या यीस्टचेही तेच होईल. टनामागे इथेनॉल वाढले की नफा वाढेल, नफा वाढला की डिस्टिलरी मोठी होईल, ती भरायला आणखी ऊस लागेल आणि उजनीच्या कालव्यावरचा ताण कमी होण्याऐवजी वाढेल. वर मांडलेले ५७ कोटी लिटर पाणी आपोआप वाचत नाही. तेवढा ऊस कमी लावला, तरच ते वाचते. विज्ञान दार उघडून देईल; त्यातून कोणी जायचे, हे ठरवणे आपल्या हाती आहे.

म्हणून अपेक्षा सोपी आणि मोजता येण्यासारखी ठेवावी. जिल्ह्यातल्या प्रत्येक डिस्टिलरीने साखरेचा उतारा जाहीर होतो तसा मळीच्या टनामागे इथेनॉलचा उतारा आणि इथेनॉलच्या लिटरमागे वापरलेले पाणी दर हंगामात सभासदांपुढे मांडावे. यीस्ट सुधारल्याने जो जादा लाभ होईल, त्यातला ठरावीक वाटा उसाऐवजी ज्वारी, तूर, करडईकडे वळणाऱ्या सभासदाला द्यावा. आणि डिस्टिलरीची क्षमता वाढवण्याची परवानगी देताना सरकारने उसाआधी पाण्याची उपलब्धता विचारावी.

पुढच्या वार्षिक सभेत उसाच्या दराचा विषय निघेलच, निघायलाही हवा. तो संपल्यावर एखाद्या सभासदाने उठून विचारावे, की आपल्या टाकीत कोणते यीस्ट आहे, ते कुठून आणले, टनामागे किती देते आणि दर लिटरला उजनीचे किती पाणी पिते. उत्तर देताना व्यासपीठ अडखळले, तर संशोधनाचे काम कुठून सुरू करायचे हे सर्वांनाच कळेल.